शेवटच्या प्रकरणाचा चिमटा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आधी आली ती पुस्तकवाली. आमची उपासना चालवणाऱ्या पाळकबाई तिच्या मागून, धापा टाकत. आमचा जिना तसा उभाच आहे. पुस्तकवाली म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली जिच्याकडे असते ती. किल्ली एवढीशी, पण चालते अशी की राजाचा खजिना सांभाळतेय! मी बटाटे सोलत होते, हात तसेच पुसले.

मला वाटलं, परत सांत्वनाला आल्या. माझा लेक जाऊन वर्ष होत आलं ना. गेल्या पानगळीतच. धुकं होतं, दुधाची गाडी घेऊन निघाला होता. पण नाही! पाळकबाई म्हणाल्या, "आजी, थंडीच्या दिवसांत उबेला बसून कोणती पुस्तकं वाचावीत, ते यंदा तुम्ही सांगायचं. सगळ्या बायकांना."

मी! चौथीतून शाळा सुटलेली मी! अजून ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला पुढचा शब्द सापडत नाही.

"म्हणून तर," पुस्तकवाली म्हणाली. "बाकीच्या इकडचं-तिकडचं चाळतात नि छान आहे, छान आहे म्हणतात. तुम्ही एकट्याच अख्खं वाचता."

ते खरं आहे. बोटाला पानं गाळता येत नाहीत.

पुस्तकं ठेवून गेल्या. सगळी नव्यातली, आपल्या श्रद्धेतली, आत्ताची माणसं असलेली. प्रत्येकाच्या शेवटी कपडे वाळत घालायचा चिमटा. हा आमच्या वाचनमंडळाचा नेम — शेवटचं प्रकरण घरी वाचायचं नाही, सगळ्यांनी मिळून वाचायचं. एकदा बेकरीवालीनं पाव देता देता सगळ्या गिऱ्हाइकांना एका पुस्तकाचा शेवट सांगून टाकला. तेव्हापासून पुस्तकवाली चिमटा लावल्याशिवाय पुस्तक देत नाही.

चिमणी, माझी नात, कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी, तू आता बाई झालीस?" शाळेतल्या बाई म्हणायचं होतं तिला. झाले बरं! असा आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

सूनबाई बाहेर आली नाही. आत तिचं शिवणाचं मशीन चालू होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

पानं गळून छपराचं पन्हळ तुंबलंय. पाणी भिंतीवरून ओघळतं. शिडी आहे. चढणारा नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिलं पुस्तक "घंटा कुणी नेली?" वाचत आले. पाळक चोर शोधत फिरतो! पायमोजा एक निळा, एक काळा, नि डोकं मात्र वकिलाचं. मी इतकी हसले की सूनबाईनं आतून विचारलं, "आई, खोकला झाला का?" हसण्याचा आवाज विसरलंय हे घर.

हे सगळ्यात वर ठेवणार. ज्यांच्या घरात दुःख आहे त्यांनी आधी हे वाचावं. दुःखातल्या माणसाला सगळे दुःखाचीच पुस्तकं देतात. का, कोण जाणे. मला गेल्या वर्षी अशी ढीगभर मिळाली. एकात म्हटलं होतं, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. ते मी पलंगाच्या पायाखाली लावलं. पलंग हलायचा थांबला, तेवढा उपयोग झाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरं "रात्रपाळीची प्रार्थना". एक नर्स आहे. एकेका पानाचीच गोष्ट. चहा निवायच्या आत एक होते. हिच्या प्रार्थना आपल्यासारख्याच — देवा, सहा नंबरच्या खाटेला झोप दे आणि मला पण. मोबाईल हातात असतो तिच्या आणि तरी प्रार्थना करते! आवडली मला.

आज स्वयंपाकघरात सूनबाई फोनवर भावाशी बोलत होती. तो मोठ्या आवाजाचा, फोनमधूनही सगळ्या घराला ऐकू येतो. त्याच्या शहरात गणवेश शिवायचा कारखाना आहे, तिथे तिला जागा मिळतेय, राहायला खोलीसुद्धा. "पोरीला घेऊन ये. महिनाअखेरपर्यंतच थांबतील ते. तिथे त्या घरात बसून काय करणार आहेस तू?"

ती म्हणाली, "आईंना कसं सांगू?"

मी बटाट्याची टोपली उगाच इकडची तिकडे केली. दोघी जाणार. सून जाणार नि चिमणीही जाणार.

नर्सबाईंचं एक पान पुन्हा वाचलं. डोक्यात काही शिरलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल तिसरं उघडलं. "धक्क्यावरचं घर". होडीवाल्याची बायको, नवरा पाण्यात गेलेला, घरात आंधळी सासू. दोघी मिळून पावाची भट्टी चालवतात. बहिणीनं बोलावलंय, पलीकडच्या गावी ये म्हणून. जावं की राहावं?

पुस्तकवालीला काय माहीत! तिनं मुखपृष्ठावरचं पाणी बघून दिलं असेल.

संध्याकाळी मोठ्यानं वाचते मी, चिमणी शेजारी बसते. माझ्यापेक्षा भराभर वाचते कार्टी. "आजी, एक ओळ सोडलीस!" माझा पोलीसच आहे ती. आज वाचत होते आणि आतलं मशीन थांबलं. सूनबाई दारात येऊन उभी. उभ्यानंच ऐकत राहिली.

मी आवाज थोडा वाढवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आता रोज येते. खुर्चीवर बसते, टाका घालत नाही, नुसती बसते. आज चिमट्यापर्यंत आलो. "पुढं?" ती म्हणाली.

"पुढं नेम आहे बाई. मंडळात वाचायचं."

"आई, ती राहते की जाते, एवढंच सांगा."

"मला तरी कुठं माहीत!"

हसली थोडीशी. वर्षात पहिल्यांदा. मग म्हणाली, "तुमच्या पुस्तकांत सगळ्या राहतातच म्हणा."

१८ ऑक्टोबर, शनिवार

धुण्याचा दिवस. ऊन कोमट, वारा मात्र भरपूर. कपडे सूनबाईनं वाळत घातले. संध्याकाळी बघते तर "धक्क्यावरचं घर"चा चिमटा लाल. आधी निळा होता ना? का निळा दुसऱ्या पुस्तकाचा? माझं मेलं डोकं.

१९ ऑक्टोबर, रविवार

उपासनेला गेले नाही. गुडघा दुखतो सांगितलं. चिमणीला पाळकबाई घेऊन गेल्या. सूनबाई तर वर्षभर जातच नाही. आत मशीन चालू होतं तिचं.

आणि मी चिमटा काढला! नेम मोडला. सगळं प्रकरण वाचून काढलं.

राहते! ती राहते! बोचकं बांधते, धक्क्यापर्यंत जाते, होडी येते, आणि ती मागे फिरते. आंधळ्या सासूच्या शेजारी बसून कणीक मळायला लागते. भट्टीचा धूर वर जातो. संपलं.

मी रडले. आनंदानं रडले, खोटं कशाला लिहू. आता हे वाचून दाखवायचं. तिच्या मनावर काही बिंबवायला लागणारच नाही. पुस्तकच सांगेल. प्रभूनंच धाडलं म्हणायचं हे पुस्तक.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काय लिहू.

सूनबाई दुकानातून बटणं आणायला गेली. शेजारणीचा पडदा झाला का बघावं म्हणून मी तिच्या खोलीत गेले. पडदा मशीनवर होता, सुईखाली, काठ सरळ दुमडलेला. मी ओढला तर दुमड सुटून हातात आली. टाके नाहीत. नुसती भोकं. एका रेषेत, बारीक बारीक, अगदी सरळ भोकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मशीनला दोरा ओवलेलाच नव्हता.

खालची टोपली बघितली. पायजमा, उशीचे अभ्रे. सगळ्यांना भोकं.

रिळावर धूळ होती.

म्हणजे दिवसभर तो आवाज यायचा आणि मी बाहेर म्हणायचे, चला, पोर कामात आहे, सावरतेय. तो आवाज माझ्यासाठी होता. मी ऐकावं म्हणून ती पाय हलवत होती.

पडदा होता तसा ठेवला. दुमड पुन्हा घातली. ती आली तर मी बटाटे सोलत होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाऊसही नाही, ऊनही नाही. दुपारीच दिवा लावला. चौथं पुस्तक उघडलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वाचलं. शेवटचं प्रकरण.

म्हटलं, मंडळाचं मंडळ बघेल, आपण आज वाचू. चिमणीला समोर बसवलं, शेजारी नाही. "का गं आजी?" "तुझे पाय गार लागतात मला." चिमटा काढला, बोट ओळीखाली धरलं आणि सुरुवात केली.

ती बोचकं बांधते इथपर्यंत पुस्तकातलं. होडी आली इथपर्यंतही. त्यापुढे माझं. होडी आली आणि ती चढली. बोट मी सारखं फिरवत होते, ओळीच्या शेवटी जरा थांबत होते, खरं वाटावं म्हणून. सासू धक्क्यावर उभी राहिली. म्हणाली, बाळ, तू जा. माझा लेक या पाण्यात गेला, पण तू नाही गेलीस. तू जिवंत आहेस. माझी काळजी करू नकोस. मला शेजार आहे, देवाचं घर आहे आणि वाचायला पुस्तकं आहेत.

"आजी," चिमणी म्हणाली, "ती तर आंधळी आहे ना?"

देवा रे!

"कुणीतरी वाचून दाखवत असेल गं."

"आणि तू पान उलटलंच नाहीस."

"मोठं पान आहे."

सूनबाई खाली बघत होती. मग म्हणाली, "आई, ते सासूचं बोलणं परत वाचा ना."

आता परत कुठून आणू! आधी काय म्हटलं होतं तेच आठवेना. बोट वर नेलं आणि काहीतरी म्हटलं. शेजार आधी आला की देवाचं घर, कोण जाणे. तिनं हटकलं नाही. उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आत गेली. मशीनचा आवाज आला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी चहा देताना म्हणाली, "आई, भावानं बोलावलंय मला."

मी म्हटलं, "मग जा की! एवढं काय!"

२९ ऑक्टोबर, बुधवार

बांधाबांध. लेकाचा जाड कोट चिमणीला पांघरायला दिला गाडीत. कोटाच्या खिशात दूध-केंद्राचा पास निघाला. दोघींनी पाहिला, परत खिशातच ठेवला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेल्या.

चिमणी खिडकीतून हात हलवत होती. मीही हलवला. गाडी वळल्यावरही हलवत होते. शेजारणीनं हात धरून खाली केला.

१ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तकवाली आणि पाळकबाई आल्या. घर बघून दारातच थांबल्या. मी म्हटलं, बसा, यादीच ऐकायला आलात ना, ऐका. आधी घंटाचोरीचं. हसायला लाज वाटायला लागली असेल तर नक्कीच. मग नर्सबाईंचं, सकाळच्या चहाबरोबर, एक पान, दोन नकोत. चौथं, लाकूडकाम करणाऱ्या म्हाताऱ्याचं, कालपासून धरलंय. त्याचा देवावर राग आहे आणि तरी तो प्रार्थनामंदिराची मोडकी बाकं दुरुस्त करतो. एकट्यानं राहणाऱ्यांनी घ्यावं. त्यात कुणी उपदेश करत नाही, रंधा मारतात फक्त.

"आणि धक्क्यावरचं?" पुस्तकवाली म्हणाली. "त्याचा शेवट सगळ्यांनी इथंच वाचू, तुमच्या घरी. तुम्ही वाचा, आजी. तुमचा आवाज घोगरा आहे, चांगला लागतो."

तुम्हाला एकटं वाटायला नको म्हणून, असं नाही म्हणाली. तेवढी शहाणी आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन आला. आधी चिमणी — "आजी, आईनं मला फ्रॉक शिवला! मी ओढून बघितला, उसवत नाही!" मग सूनबाई.

म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी दोरीवर चिमटे कमी पडले, म्हणून पुस्तकाचा काढला होता. तेव्हा शेवट वाचला मी. ती राहते. मी त्याच दिवशी भावाला नाही म्हणून कळवलं होतं."

"मग तुम्ही ते सासूचं बोलणं वाचलंत," ती म्हणाली.

राहणार होती. राहणारच होती.

पुस्तकवाली आणि पाळकबाई, सगळ्या बायकांना घेऊन, गुरुवारी चारला शेवट वाचायला येतो म्हणाल्यात.