सर गिल्बर्टचं नाक

१२ मार्च, मंगळवार

आमची नात हेटी नाक कापून घेणार आहे!

म्हणजे कमी करून घेणार. परीक्षा संपली की जुलैत, डर्बीच्या एका दवाखान्यात. तारीखसुद्धा मिळाली. आल्याचं बिस्किट चहात बुडवता बुडवता सांगितलं, जशी काही केस कापायलाच चालली आहे. तिची आई म्हणते, अठरा पूर्ण झाली, तिचं ती ठरवेल. माझी लेक, पण तिला काय कळणार — तिचं नाक तिच्या आईवर, म्हणजे ब्रेंडावर गेलंय.

आमचं थॉर्ले घराण्याचं नाक माझ्या वडिलांना होतं, मला आहे, आणि एक पिढी ओलांडून हेटीला आलंय. मध्ये उंचवटा, मग घसरगुंडी, आणि टोक जरासं डावीकडे. ब्रेंडा लग्नापासून म्हणते, ‘डेस, खोलीत आधी तुझं नाक येतं, मागाहून तू.’ मी कधी मनावर घेतलं नाही. हेटीने घेतलंय. ‘आजोबा, वर्गाच्या फोटोत माझ्या नाकाची सावली शेजारच्या मुलीवर पडलीय,’ म्हणाली. हसत म्हणाली. पण डोळे हसत नव्हते.

मला राग आला. कोणावर ते ठरवता येईना, म्हणून बागेतली कुंपणाची झुडपं छाटली. जरा जास्तच छाटली गेली.

१७ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये प्रवचन लांबलं. पाद्रीणबाई जूडिथ मनाने फार चांगल्या आहेत, फक्त थांबायचं कुठे ते त्यांना कळत नाही. माझी नजर सर गिल्बर्टवर. आमच्या गावचा सरदार, राजासाठी फ्रान्सात लढून आलेला, सहाशे वर्षं थडग्यावर पांढऱ्या दगडाचा होऊन आडवा पडलाय — हात जोडलेले, अंगात चिलखत, पायाशी कुत्रं. लहानपणापासून बघतोय. आज खिडकीतून उजेड असा काही आला की बाजूने त्याचं नाक दिसलं.

उंचवटा. घसरगुंडी. टोक डावीकडे!

मी इतक्या जोरात ‘अरेच्या’ म्हणालो की जूडिथबाईंनी प्रवचन आवरलं. सगळे खूश.

आमच्याकडे नवरीने लग्नाच्या दिवशी सर गिल्बर्टच्या नाकाला हात लावायचा, संसार सुखाचा होतो. घरी येऊन ब्रेंडाला सांगितलं, तर ती भांडी विसळत म्हणते, ‘मी त्याच दिवशी ओळखलं होतं. नाकाला हात लावला, वळले, तर तेच नाक कोट घालून उभं.’ एवढी वर्षं बोलली नाही ही बाई.

तर ठरलं. आम्ही सर गिल्बर्टचे वंशज आहोत हे सिद्ध करायचं. सरदाराचं नाक कोण कापून टाकेल?

७ एप्रिल, रविवार

गेले पंधरा-वीस दिवस जुने दस्तऐवज चाळतोय. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातल्या मुली आता मला बघितलं की चष्मा पुसायचं फडकं पुढे करतात. आजोबांचे आजोबा जोसेफ थॉर्ले सापडले — पाथरवट. ते माहीतच होतं, आमच्या दाराच्या उंबऱ्यावर त्यांची खूण कोरलेली आहे, बदकाच्या पावलासारखी. पण पाथरवट घेऊन काय करू? मला सरदार पाहिजे. जोसेफला ओलांडून मागे गेलो, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत. पुढे भिंत. सर गिल्बर्ट भिंतीच्या पलीकडे.

पबमध्ये क्लाइव्ह भेटला. चर्चचा कारभारी, आणि जगाचाही. म्हणतो, ‘आपल्या या थॉर्ले गावचा माणूस बाहेर गेला की लोक त्याला थॉर्ले म्हणायचे. त्याने तू सरदार होत नाहीस, डेस. तसं बघितलं तर माझं मांजरही थॉर्लेच.’

८ एप्रिल

क्लाइव्हच्या मांजराचं नाव गिल्बर्ट आहे. आज कळलं.

२१ एप्रिल, रविवार

काय दिवस होता! हेटीला चर्चमध्ये नेलं, काही न सांगता. म्हटलं, ‘जरा त्याच्याशेजारी उभी राहा, खिडकीकडे बघ.’ ती बघत राहिली. मग थडग्याशेजारच्या गार फरशीवर सरळ आडवीच झाली, हात जोडून, आणि म्हणाली, ‘आजोबा, काढा फोटो.’ दोन नाकं, एकाखाली एक.

‘अरे देवा,’ फोटो बघून म्हणाली, ‘ही तर मीच. लोखंडी टोपी घातलेली.’

घरी येईपर्यंत प्रश्नांचा पाऊस. लढायचा कसा? घोड्याचं नाव काय? बायको होती का? मला जे माहीत नव्हतं तेही मी सांगितलं. तिने फोटो मैत्रिणींना पाठवला. आता त्या तिला ‘सर हेटी’ म्हणतात, आणि ती नाक वर करून ‘बोला प्रजाजन’ म्हणते. जाताना दारात थांबली. ‘दवाखान्याचं बघते मी. नक्की नाही म्हणत. बघते.’

मी स्वयंपाकघरात ब्रेंडाला धरून नाचलो. तिच्या हातात बटाटे होते, तरी नाचली.

१० मे, शुक्रवार

हेटीने मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढला. सगळ्यात वर सर गिल्बर्ट, कुत्र्यासकट. खाली आम्ही. मधली दोनशे वर्षं नुसते ठिपके.

‘आजोबा, ठिपक्यांच्या जागी पुरावा काय?’

‘नाक.’

तिने ठिपक्यांवर एक नाक काढलं. डावीकडे वळलेलं, झोकात.

५ जून, बुधवार

थडग्याची सफाई करायला फिलिपा नावाची बाई आली आहे. जुने पुतळे नीट करणं हेच तिचं शिक्षण आणि हाच तिचा धंदा. कापसाचे बोळे घेऊन सर गिल्बर्टचे कान पुसत होती. मी जाऊन ओळख करून दिली — म्हटलं, आमचे पूर्वज आहेत, जपून. ती माझ्या नाकाकडे बघतच राहिली. मला बरं वाटलं.

१३ जून, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

फिलिपाने बोलावून घेतलं. ‘मिस्टर थॉर्ले, बसा,’ म्हणाली. बसा म्हणतात तेव्हा बातमी चांगली नसते. सर गिल्बर्टचं नाक त्याचं नाहीच. दगड वेगळा, जोड वेगळा, आत खुंटी. कधीतरी मोडलं असणार आणि कोणीतरी नवीन बसवलं. तिने ते हलकेच काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी उलटं केलं. खाली बदकाचं पाऊल.

जोसेफ.

एवढ्यावर थांबलं नाही. पुतळ्याच्या उशीमागे फट होती, तिथे चुन्याने बुजवलेली तंबाखूची डबी निघाली. डबीत, चिंधीत गुंडाळून, खरं नाक. अख्खं. बटणाएवढं, टोक वर उचललेलं, गोड. फिलिपा म्हणाली, ‘हे मोडल्या जागी अगदी चपखल बसतं. त्याला नवीन करायची काही गरजच नव्हती.’

म्हणजे आम्हाला सरदाराचं नाक मिळालं नाही. सरदारालाच आमचं लावलं, एका पाथरवटाने, कोणाला न विचारता! क्लाइव्ह तिथेच होता. नुसता शीळ घालत मेणबत्त्या सरळ करत राहिला.

ब्रेंडा हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात. ‘म्हणजे मी लग्नात तुझ्या खापरपणजोबाचं नाक ओढलं!’

तिला हसू येतंय. मी हेटीला काय तोंड दाखवू? अपरं चिमुकलं नाक, तिला हवंय ना, अगदी तसंच निघालं सरदाराचं.

१४ जून

हेटी आली होती. नाही सांगितलं. पाय खाल्ला — म्हणजे तिने केलेला सफरचंदाचा पाय.

१५ जून, शनिवार

सांगितलं. बाकावर शेजारी बसवून सगळं सांगितलं, डबीसकट.

हेटी म्हणाली, ‘जुनं नाक जोसेफच्या हातात होतं?’

‘होतं.’

‘मोडकं नव्हतं?’

‘अख्खं होतं.’

‘छोटंसं. सुंदर.’

‘हो गं पोरी.’

‘आणि तरी त्याने आपलं बसवलं.’

सायकल काढली आणि गेली. तिच्या मनात काय आलं, कळलं नाही. मला फार वाईट वाटतंय.

२३ जून, रविवार

प्रार्थनेनंतर सभागृहात बैठक. विषय : सर गिल्बर्टला कोणतं नाक. फिलिपा म्हणाली, दोन्हींपैकी कोणतंही बसवता येईल, गावाने ठरवावं. जूडिथबाईंनी चहा आणि केक ठेवला होता, म्हणून गर्दी चिकार.

क्लाइव्ह उठला. ‘खरं ते खरं. एका खोडसाळ पाथरवटाने सरदाराचा चेहरा बिघडवला. देवाच्या कृपेने मूळ नाक सापडलंय, आणि दिसायलाही ते बरं आहे. हे बेढब काढा, ते लावा.’ माना डोलल्या. मी खाली बघत होतो.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. हेटी. कान लाल झालेले.

‘ते नाक बेढब नाही,’ म्हणाली. ‘आमच्या जोसेफला हवं ते नाक देता आलं असतं. छोटं, सरळ, कसलंही. सुंदर नाक हातात होतं, ते त्याने डबीत ठेवलं आणि सरदाराला स्वतःचं दिलं, कारण त्याला ते चांगलं वाटलं. या गावातल्या सगळ्या बायकांचं लग्न त्या नाकावर झालंय. कोणाचं काय बिघडलं? चांगलं धडधाकट नाक आहे. लोकांना बरं दिसावं म्हणून ते कशाला काढायचं?’

आणि थांबली. स्वतःचंच वाक्य कानावर आल्यासारखी. हात हळूच नाकाकडे गेला.

ब्रेंडा कप खाली ठेवून म्हणाली, ‘माझं लग्न चांगलं चाललंय. माझं मत जोसेफला.’ एकेक करून बायकांचे हात वर. मग नवऱ्यांचे, कारण बायका बघत होत्या. विरोधात हात उचलला तो एकट्या क्लाइव्हने. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघितलं तसा तोही हात अर्ध्यावरून खाली आला.

२४ जून

हेटी सकाळीच वंशवृक्ष घेऊन आली, नवीन काढलेला. सगळ्यात वर जोसेफ, हातात छिन्नी. त्याच्या खाली आम्ही सगळे. आणि बाजूला एक नवी फांदी, जोसेफचीच : सर गिल्बर्ट, कुत्र्यासकट.

जाता जाता दारातून म्हणाली, ‘दवाखान्याला फोन केला आजोबा. म्हटलं, माझी तारीख दुसऱ्या कोणाला द्या.’

मी नुसतं नाक शिंकरलं.