बाबांच्या व्हायोलिनची काडी

डिचोली, शनिवार, ३० मे १९८७

गोवा आज राज्य झालं. बाजारात फटाके वाजले. मला काहीच वाटलं नाही. बाबा गेल्यापासून असंच.

संध्याकाळी म्हापशाहून मिनीनबाब आले, बाबांसोबत नाटकांना व्हायोलिन वाजवायचे ते. बाबांच्या व्हायोलिनच्या तारा सैल पडून पोटातली उभी काडी निसटली होती. एवढीशी काडी, गोंदसुद्धा लावत नाहीत. त्यांनी वाकड्या तारेने फटीतून ती परत उभी केली, तारा ताणल्या.

"हिका आमी आल्म म्हणटांव, म्हणजे जीव. वाजय गो बाय."

बाबांनीच शिकवलेलं वाजवलं. काडीमुळे की काय, आवाज हुबेहूब त्यांचा. आई आतून धावत आली. "आलात?" म्हणाली, आणि मला बघून दारातच बसली.

मला रडू आलं नाही. वाजवत राहिले. थांबून तिला काय सांगणार होते?