एका ओळीचा योगायोग

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात डोळे घालवले, त्याचं चीज झालं. काचेपलीकडच्या हॉलमध्ये पिंजरे आहेत आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक माकड नि एक टाइपरायटर. बटणं बडवली की केळं मिळतं. पुरेशी पानं बडवली तर कधीतरी नुसत्या योगायोगाने अर्थाची ओळ उमटेलच, असं साहेबांचं म्हणणं. ती ओळ शोधायची, एवढंच माझं काम. धाकट्या भावाला, बाळ्याला, हे सांगितलं तर तो पोट धरून हसला.

९ मार्च
काचेजवळचं एक म्हातारं माकड थेट माझ्या सासऱ्यांसारखं कपाळाला आठ्या घालून बसतं. त्याला मी सासरेबुवा म्हणतो. पानांवर मात्र निव्वळ कचरा, त्यामुळे साहेब तोंड पाडून फिरतात. आज गंमत म्हणून सासरेबुवांच्या पानावर मीच टाइप करून टाकलं, 'केळी कच्ची आहेत'. साहेब अक्षरशः नाचले. मग खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

१० मार्च
सासरेबुवांना टेबलावर बांधलं. तोंडापासून पायांपर्यंत चादर, भादरलेलं डोकं तेवढं उघडं. योगायोग मेंदूत कुठे खूण ठेवतो ते साहेबांना कापून बघायचं होतं. भुलीने खूण पुसली जाते म्हणून भूल दिली नाही.

११ मार्च
राहवलं नाही, साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. पिंजरा रिकामा आहे आणि तुम्हाला टाइप करता येतं, म्हणाले. इथून पुढे तुमच्या हातून उमटेल तो योगायोगच. राखणदाराने मागून धरलं.

१४ मार्च
बडवतो, केळं खातो. मुद्दाम कचराच बडवतो. अर्थ उमटला की टेबल. काचेवर पत्रा ठोकलाय. ओरडलं तरी पलीकडे शब्द पोचत नाहीत, नुसता कालवा.

१९ मार्च
राखणदार म्हणाला, नवा तपासनीस आलाय, तुझाच भाऊ. तू नोकरी सोडून पळालास असं सांगितलंय त्याला. बाळ्या — पत्र्यापलीकडे — रडू आवरत नाही.

२० मार्च
टाइप केलं. बाळ्या मी दादा मला कोंडलंय. त्याला कळेल. कळायलाच —

२० मार्च, दुपार
पान घेऊन साहेबांकडे गेला. आधी चरकला म्हणे. साहेबांनी समजावलं, एवढ्या पानांत कुणाचंही नाव कधीतरी यायचंच. पटलं त्याला. पटलं!

२१ मार्च
डोकं भादरलं. राखणदार येतोय, हातात चिमटा. बाळ्याला टेबलाजवळ उभं राहून बघायचंय. फक्त माकडाचं ओरडणं त्याला सोसत नाही, म्हणून साहेब म्हणाले, आधी जीभ —