होऊ द्या

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! घनसावंगीहून काळी-पिवळी जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि मांडीवर बॅग घेतलेली मी. पहिलीच नोकरी, गोदावरीकाठच्या या गावात गुरांची डॉक्टर म्हणून. पुण्यात आईने डोळे पुसत निरोप दिला, जशी काही मी चंद्रावर निघाले होते.

नंदाबाईंच्या घरावरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्यात. एका खिडकीतून कापूस दिसतो, दुसरीतून ऊस. नंदाबाई साठीच्या, जीव लावणाऱ्या, पण दार वाजवणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. दिवसभरात चार वेळा न विचारता आत आल्या, एकदा तर मी केस पुसत होते तेव्हा. शेवटी कडी लावली, तर बाहेरून ओरडल्या की बाई गं, बरं न्हाई का काय तुला!

५ नोव्हेंबर, बुधवार

आज 'कट्ट्या'वर माझं नाव घातलं. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या भुजंगरावांनी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गावापुरता हा कट्टा उभा केलाय. मोबाइलवर उघडायचा आणि गप्पा मारायच्या. कंपनी नाही, जाहिराती नाहीत, एकसष्ट सभासद. वडीगोद्रीला आणि अंकुशनगरला असेच दोन कट्टे आहेत. एकीकडे लिहिलेलं बाकीच्यांकडेही आपोआप उतरतं. नावापुढे त्याच्या कट्ट्याचं नाव असतं, म्हणजे कोण कुठला ते कळतं.

मला वाटलं होतं, कोण बोलणार इथे? पण सकाळपासून अखंड चालू! कुणाची म्हैस व्याली, लाइट कुठे गेली, मेथी कुणाकडे जास्त झालीय. दहा मिनिटांत मला एका गाईच्या कासेचा फोटोही आला.

एक गंमत. दुपारी बरोबर चारला कुणी झुंबरबाई लिहितात, 'चहा टाकलाय. या.' खाली झाडून सगळे 'होऊ द्या' लिहितात. नंदाबाईसुद्धा. जात कुणीच नाही. चहाच्या बाबतीत आम्ही पुणेकर उगाच बदनाम.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मला त्या म्हातारीची दया आली. चारला तिचं 'या' आलं, तसं मी लिहिलं, 'येते हं, आजी.'

मग तिचं उत्तर आलं, 'कवा?'

नंदाबाई धापा टाकत वर आल्या. म्हणाल्या, तीन वर्षांत ही बाई 'या'च्या पुढं एकदाच बोलली व्हती. मग मला समजावलं. इथे जेवणारा माणूस जाणाऱ्याला 'या' म्हणतो आणि जाणारा 'होऊ द्या' म्हणतो. त्याचा मान राहतो, आपण मोकळे होतो. 'येते' म्हणजे शब्द दिला. तो जल्दी माघारी घे, म्हणाल्या. मला हसू आलं. त्यांनी माझा मोबाइल उचलून माझ्या हातात कोंबला, तसा मुकाट्याने संदेश खोडला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज झुंबरबाईंच्या नावापुढचं नीट वाचलं. 'जुनं गाव.'

भुजंगरावांना विचारलं. आधी टाळलं, मग सांगितलं. जुनं गाव नदीला लागून होतं. पूर आला तसे सगळे वर आले. झुंबरबाईंनी चहा टाकलेला होता, म्हणाल्या, घोटभर घेऊन निघते. त्या निघाल्याच नाहीत. तिथे आता भिंतसुद्धा नाही, वीज नाही, मग कट्टा कुठला असणार? भुजंगरावांनी त्या नावाची जोडणी बंद करून पाहिली, तर तिचं 'या' वडीगोद्रीहून फिरून आलं. 'होऊ द्या' लिहिलं की ती गप बसते, एवढंच त्यांना कळलंय.

मी खोडलेलं 'येते' बाकी दोन्ही कट्ट्यांवर उतरलं होतं. त्यांनी फोन करून तिथलंही खोडायला लावलं. माझ्यासमोर ते पुन्हा उमटलं. भुजंगराव माझ्याकडे न बघता म्हणाले, 'जुन्या गावच्या कट्ट्यावर तुमचा शब्द पोचलाय, म्याडम. तिथून कोन खोडनार?'

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्याआधीच्या डॉक्टरांची बदली झाली असं सगळे सांगत होते. मुकुल त्यांचं नाव. आज चारला झुंबरबाईंच्या खाली त्यांचं नाव आलं. पुढे 'जुनं गाव'.

'चहा टाकलाय. या.'

नंदाबाईंना खोदून विचारलं. डॉक्टरांनीही 'येतो' लिहिलं होतं. घाबरून पाचव्या दिवशी जीपमध्ये बसले. जीप घनसावंगीला पोचली तेव्हा ते आत नव्हते. सीट ओली होती.

मला भीती वाटतेय. गाव सोडायचीही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कट्ट्यावर झुंबरबाई, माझं नाव घालून: 'आज बी वाट पाह्यली. चहा निवला.'

दवाखान्यातून आले तर टेबलावर कप. माझा नाही. तळाशी साखरेसारखं काहीतरी बसलेलं. बोट लावलं.

नदीचा गाळ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

'तुमाला जमंना, तर मीच येते.'

आईला फोन लावला. नुसतं रडले.

नंदाबाई म्हणाल्या, चारला कडी लावून बसायचं. काही ऐकू आलं तर फक्त 'होऊ द्या'. 'येते' नाही, 'या' तर बिलकुल नाही. उद्या सकाळी त्यांना बहिणीकडे अंबडला जावंच लागतंय, पण साडेतीनच्या आत येऊन माझ्याजवळ बसणार आहेत. शपथ घेतलीय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेतीन. कडी लावलीय. नंदाबाई नाहीत. हात थांबू नये म्हणून लिहितेय.

तीन पन्नास. नंदाबाईंचा फोन. एसटी अजून अंबडच्या स्टँडवरच. रडत होत्या. दोनच शब्द, बाई, दोनच शब्द, म्हणत होत्या.

चार. कट्ट्यावर झुंबरबाईंचं 'या' आलंच नाही. तरी सगळे लिहितायत. होऊ द्या. होऊ द्या. होऊ द्या. माझ्यासाठी —

जिन्यावर पाय. ओले. एक पायरी, मग थांबतात —

मी ओरडले, होऊ द्या! पुन्हा. पुन्हा. घसा बसला —

पाय थांबले. खाली चाललेत. खाली —

चार वीस. काही नाही. जिना शांत आहे. वाचले! आई, मी वाचले गं! हसतेय आणि डोळ्यांतून पाणी —

दार वाजलं. नंदाबाई! त्यांचाच आवाज. विचारतायत, येऊ का? मी 'या, या' म्हणाले. कडी काढायला उठ —

थांब.

नंदाबाई कधी विचारून —