मागून कोण बघतंय?

३ जून, सकाळी सहा
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. काम असं: वर्कशॉप पाडून तिथे इमारत. खाली वर्कशॉप, पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं, दुसऱ्यावर लेक. वर्कशॉपच्या पाठच्या खोलीत हिने पस्तीस वर्षं संसार केला, भर दुपारी दिवा लावून. आता हिला ऐसपैस स्वयंपाकघर द्यायचं, तेही माझ्या हातचं. आर्किटेक्ट लावणार नाही. चाळीस वर्षं कपाटं केली. इमारत म्हणजे तरी काय, माणसं ठेवायचं कपाट. सहीपुरता ओळखीतला एक इंजिनिअर आहे. तो नकाशा न बघता सही करतो, हा त्याचा मोठा गुण.
संकल्प: रोज पाचला उठणे. उद्यापासून.

९ जून
मॉडेल तयार. अस्सल सागवान, पॉलिशचे तीन हात. समोरून बघावं तर नजर हटत नाही: कोरीव कठडे, कमानीच्या खिडक्या. लेक म्हणाली, बाबा, याला किल्ली कुठून लावायची? पोरगी आईवर गेली आहे. हिने मॉडेल उचललं आणि चक्क फिरवून पाठ बघितली. माझं स्वयंपाकघर कुठंय म्हणाली. मी बोट ठेवून दाखवलं, हे इथे, मागच्या अंगाला.  त्या कोऱ्या फळीवरून बराच वेळ हात फिरवत राहिली. पॉलिश आवडलेलं दिसतंय.

१४ जून, दुपारी
नगरपालिकेत फाइल दाखल. रस्त्यालगतच्या नव्या इमारतीला सौंदर्य समितीची मंजुरी लागते. समिती फक्त बाहेरचं रूप बघते, आत काय ते आपलं आपण. म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! मॉडेल कारकुनाच्या खिडकीतून आत जाईना. तो म्हणाला, आजोबा, कागद पुरे. मी तिथेच खुंट्या काढून मजले सुटे केले आणि एकेक आत सरकवले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, शू-रॅकही करता का?
पाचला उठणे: चालू आठवडा धावपळीचा.

२७ जून
समितीचं पत्र. समोरची बाजू 'ठीक'. ठीक! चाळीस वर्षांच्या हाताला ठीक! पुढे लिहिलंय, इमारतीची मागची बाजू पूर्ण कोरी असून ती सार्वजनिक बागेकडे पाठ करते, फेरविचार व्हावा. कसला फेरविचार? कपाटाला मागे साधी प्लाय लावतात. आजवर एकाही गिऱ्हाइकाने कपाट फिरवून बघितलेलं नाही. ही म्हणाली, अहो, कपाटात कोणी भाजी चिरत नाही. त्याचा इथे काय संबंध, देव जाणे.
ठरलं. मोडेन पण वाकणार नाही. वाकलं की पाठ धरते, तो भाग वेगळा.

२ जुलै
दगाबाजी! माझ्या इमारतीविरुद्ध एका नागरिकाने लेखी हरकत घेतली आहे. कोणी, ते कारकून सांगेना. सुनावणीत कळेल म्हणे. मला आत्ताच कळलंय. शेजारचा इस्त्रीवाला! नवी इमारत झाली की त्याच्या टेबलावरचं ऊन जाईल. वर मला बघून हसतो. आजपासून त्याच्याकडे कपडे बंद. स्वतः इस्त्री करणार. लाकूड सरळ करणाऱ्याला कापड काय अवघड?

४ जुलै
शर्ट जळला. खिशाखाली, हुबेहूब इस्त्रीच्या आकाराचा डाग. ही म्हणाली, उगाच त्या गरिबाच्या नावाने खडे फोडू नका. हिला माणसांची पारख नाही.

८ जुलै
सुनावणीची नोटीस आली. एक नाही, दोन पाकिटं! बाकीच्यांना एक, आपल्याला दोन. कचेरीत आपलं वजन पडलंय. हिने दुसरं पाकीट घेतलं आणि डब्यात ठेवलं. जपून ठेव म्हणालो. हो, ठेवते म्हणाली.

१५ जुलै
आरशासमोर भाषणाची तालीम. एकच पथ्य: 'कपाट' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ही म्हणाली, हरकत घेणाऱ्याचं म्हणणं तरी काय आहे, कधी विचारलंत? मी म्हणालो, घरभेद्याला काय विचारायचं! ही आत गेली. तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा उडाला. नवा आणतो म्हणालो, पण भाषणाचा शेवट जमत होता. भाजी निवडायला ही वर्कशॉपच्या उंबऱ्यावर येऊन बसली, भुशात. जेवण तीनला. पण शेवट फक्कड जमलाय.

१९ जुलै
सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.
डागाचा शर्ट होता, त्यावर फाइल धरली. अकरा मिनिटं बोललो. 'कपाट' चौदा वेळा आलं, असं लेक म्हणते. मोजत बसायची तिला गरज नव्हती. मग अध्यक्ष बाई म्हणाल्या, हरकतदारांनी पुढे यावं. मी दाराकडे बघत होतो, इस्त्रीवाल्यासाठी. मागच्या रांगेतून ही उठली. मला वाटलं, माझा चष्मा आणलाय. बस, बस, अशी खूणही केली. ही सरळ टेबलापाशी गेली, डब्यात ठेवलेलं ते दुसरं पाकीट पिशवीतून काढलं आणि बाईंना दाखवलं.
म्हणाली, मी पस्तीस वर्षं दिवसाढवळ्या दिव्याखाली भाजी निवडली. भिंतीपलीकडे बाग आहे. मुलं ओरडतात ती ऐकू येतात, दिसली कधीच नाहीत. माझ्या स्वयंपाकघराला खिडकी द्या आणि मग यांना खुशाल मंजुरी द्या. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त सगळं समोरूनच बघतो.
बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, काही उत्तर? भाषणाचा शेवट फक्कड होता. आठवला नाही.
हुकूम: मागे खिडकी काढण्याच्या अटीवर मंजूर.

२० जुलै, रात्री
झोप लागली नाही म्हणून सकाळी सव्वापाचला उठलो, पण संकल्पात धरायला हरकत नाही.
लढा जिंकलो. मंजुरी हातात आहे. अट मी मोठ्या मनाने मान्य केली. मागे खिडकी हवी असं माझ्याही मनात होतंच, फक्त नकाशात उतरलं नव्हतं.
इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकून आलो. माफी मागितलेली नाही. सहा शर्ट एकदम दिले, समजायचं ते तो समजला.
हिला विचारलं, खिडकी किती उंचीवर? हिने कोपर दुमडून दाखवलं. टेप लावली: अडतीस इंच. गावभरच्या बायकांच्या साड्यांची मापं घेऊन कपाटं केली, हे माप आज पहिल्यांदा घेतलं. रुंदी किती? हिने दोन्ही हात पसरले आणि खाली घेईना. लिहून घेतलं.
दुपारी, कचेरीतून परत आणलेल्या मॉडेलच्या पाठीला त्याच मापात चौकोन कापला. उजेड आत गेला. वाकून बघितलं, स्वयंपाकघर छान दिसत होतं. चारी बाजूंनी बघितलं. पुन्हा बघितलं.
इमारतीत शिरायला दार ठेवायचं राहिलंय.
हिला अजून बोललो नाही. हरकतीची मुदत संपली का, तेवढं उद्या कारकुनाला विचारून येतो.