डाव्या दारावरची भेग

तीर्थस्वरूप भाऊजींना,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्याउभ्याच घातलेला साष्टांग नमस्कार. आपला खोकला गेला का? ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं भाच्याकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, थेंब वेळेवर घाल आणि डोळा चोळू नकोस. इकडे आम्ही सगळे मजेत. हिची तब्येत ठीक, पोरं ठीक, माझं संस्थेतलं कामही ठीक. काळजी नसावी.

(भाऊजी, वरचा परिच्छेद ताईला वाचून दाखवण्यासाठी लिहिला आहे. इथून पुढचं एकट्याने वाचा, आणि आधी दाराला कडी घाला.)

फोनच केला असता, पण मी काम करतो ती संशोधन संस्था कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तळमजल्यावर अभियांत्रिकी, पहिल्या मजल्यावर भौतिकशास्त्र, दुसऱ्यावर इतिहास, आणि तिन्ही मजल्यांच्या गळक्या नळांखाली देखभाल विभागाचा मिस्त्री म्हणून मी. पहिल्या मजल्यावर हल्ली असं एक यंत्र आलंय की शेजारून मुंगी गेली तरी त्याचा काटा हलतो म्हणे. ज्यांना मुंगीची चाल कळते त्यांना माझा फोन ऐकू येत नसेल, यावर मी कसा विश्वास ठेवावा? भिंतीला कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे त्या कानांना वायरी जोडल्या आहेत.

गोष्ट भिंतीचीच आहे. तळमजल्यावरच्या वाचनालयाची भिंत, जुळ्या दारांची. एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही आणि मी मिळून बांधलेली. तुमच्या लक्षात असेलच. (असेलच!) त्यातल्या डाव्या दाराच्या वर, भिंतीला, गेल्या वर्षी केसाएवढी भेग पडली. मी गिलावा केला. ती परत आली. मी परत गिलावा केला. तिसऱ्या खेपेला ती बोटाएवढी होऊन आली, तीही बुजवली, आणि चौथ्यांदा शिडीवर उभा राहून थापी चालवत असताना खालून आवाज आला, “मिस्त्री, कितव्यांदा?”

खाली अभियांत्रिकीच्या बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, “पहिल्यांदाच, बाई.” भिंतीवर तेव्हा पांढऱ्या रंगाच्या तीन वेगवेगळ्या छटा होत्या. बाईंनी त्या बोटाने एक, दोन, तीन अशा मोजल्या आणि निघून गेल्या. एरवी त्या हातोडा मारल्यासारखं बोलतात. त्या दिवशी गप्प राहिल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी ठरवलं की घरात तीन-तीन विद्वान असताना भेग बघायला बाहेरचा माणूस कशाला? तिन्ही मजल्यांवरून एकेक विद्वान घेऊन समिती नेमली. मला वाटलं, सुटलो! ज्या तीन मजल्यांचं पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे ठेवावी यावर सहा वर्षं एकमत झालं नाही, ते भेगेवर काय डोंबल बोलणार? भिंत आपल्या मरणाने मरेल पण अहवाल यायचा नाही. इथेच मी फसलो. भाऊजी, ही तीन माणसं तीन वेगळ्या दिशांना तोंडं करून चालतात, आणि हिंडून-फिरून माझ्याच दाराशी येऊन उभी राहतात.

आधी बाईंचं सांगतो. बाई आल्या त्या हातोडी घेऊनच. कलिंगड विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशी त्यांनी अख्खी भिंत ठोकून ऐकली आणि भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग वाढली तर काच तडकणार. तिसऱ्या दिवशी एक पट्टी तडकली, तर बाईंना केवढा आनंद! हात चोळत म्हणाल्या, “वाढतेय, मिस्त्री, वाढतेय!” घरात वस्तू फुटली की जिला आनंद होतो त्या बाईच्या नवऱ्याचे दिवस कसे जात असतील, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग भौतिकवाले सर. उंच, किडकिडीत, बोलणं बेताचं. त्यांना यंत्र मांडायलाच दोन आठवडे लागले. लाल उजेडाचा एक ठिपका भिंतीवर पडायचा आणि तो हलतो का ते पाहायचं, एवढंच काम. पण त्यासाठी पंखे बंद, खुर्च्या सरकवणं बंद, आणि मला म्हणाले, “मिस्त्री, तुम्ही खोकू नका.” (खोकल्याने तोंड लाल झालेला माणूस संशयित दिसतो हे त्यांना कोण सांगणार?) शेवटी त्यांनी जाहीर केलं की भिंत श्वास घेते. सकाळी ऊन पडलं की फुगते, संध्याकाळी आत जाते. किती? तर केसाच्या हजाराव्या भागाएवढी. मी विचारलं, “यात चूक नाही ना?” तर म्हणाले, “आहे ना! चुकीशिवाय आकडा कसा लिहिणार?” भाऊजी, आमच्या बाईंना चूक सापडली की त्या माणूस शोधायला निघतात. हे सर आपली चूक आपणच मोजतात, धुऊनपुसून आकड्याच्या शेजारी बसवतात आणि खाली सही करतात. आपल्या धंद्यात अशी सोय असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. बाई ‘लगेच’ म्हणाल्या की शुक्रवार समजावा. सरांचं ‘लगेच’ शब्द तोंडातून निघायच्या आत लाखभर वेळा होऊन गेलेलं असतं. आणि इतिहासवाले काका परवा मला म्हणाले की बाहेरचा रस्ता अलीकडेच वळवलाय. मी बघायला गेलो. दोनशे वर्षांपूर्वी वळवला होता.

आता माझ्या हातून एक गाढवपणा झाला तो सांगतो. त्या डाव्या दारातच वाचनालयाच्या बाई टेबल टाकून बसतात. बिचाऱ्या दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारतात. वरून काही आलं आणि त्यांना लागलं तर मला जन्मभर झोप लागणार नाही, म्हणून मी कुणी न सांगता त्यांचं टेबल हलवलं आणि दारावरच्या भिंतीखाली लोखंडी टेकू लावला. अगदी ओळंब्यात, जिथे भार येतो तिथेच. अभियांत्रिकीच्या बाईंनी तो पाहिला, वर पाहिलं, परत खाली पाहिलं. “मिस्त्री, टेकू एकदम बरोबर जागी लावलात. अजून आमचंही मोजून झालेलं नाही. डावीकडेच का लावला?”

मी घाबरून म्हटलं, “मी डावखुरा आहे, बाई.”

(त्या दिवसापासून मी डाव्या हाताने चहा पितो. दोन शर्ट वाया गेले. ही विचारते, तुम्हाला झटका-बिटका आलाय का?)

चारच दिवसांनी सरांनी लोखंड शोधायचं यंत्र भिंतीवरून फिरवलं. उजव्या दारावर ते टिटवीसारखं ओरडलं आणि डाव्या दारावर आल्यावर मेल्यासारखं गप्प. सर म्हणाले, “उजवीकडे तुळई आहे. डावीकडे नाही.” बाई उसळल्या. त्यांच्याकडे मूळ नकाशा होता आणि त्यात दोन्ही दारांवर भिंतीचा भार पेलायला एकेक लोखंडी तुळई काढलेली होती. “नकाशात दोन आहेत म्हणजे दोन असणारच. तुमचं यंत्र तपासा!” सर शांतपणे म्हणाले, “बाई, यंत्राला नकाशा वाचता येत नाही.” मग अर्धा तास असा कडाक्याचा वाद झाला की तोंडावर बोट ठेवून बसणारे वाचकसुद्धा पुस्तकं मिटून ऐकू लागले. बाईंचं म्हणणं, आधी काय असायला हवं ते ठरवा आणि मग बघा. सरांचं म्हणणं, आधी बघा आणि मग ठरवा. मी मनातल्या मनात बाईंच्या बाजूने होतो. नकाशा जिंकला असता तर सगळेच घरी गेलो असतो.

तेव्हा कोपऱ्यातून इतिहासवाले काका हळूच म्हणाले, “नकाशाही खरा असेल आणि यंत्रही खरं असेल. दोघांच्या मध्ये माणसं येऊन गेलेली असतात.”

काय बोलला माणूस! सगळा वाद जागच्या जागी विझला. या समितीत भला माणूस असेल तर हा एकटाच. खांद्याला कापडी पिशवी, कानावर पेन्सिल, आवाज कधी चढत नाही. बाकी दोघं माझ्याकडे बघतात ते भिंतीचा भाग असल्यासारखं. काका मला समोर खुर्ची देतात, चहा पाजतात. त्यांच्या हातात हातोडी नाही की लाल उजेड नाही. आणि इतिहास म्हणजे मेलेल्या माणसांचं खातं, आपल्यासारख्या जिवंत माणसांना त्यातून काय भीती? दोन-तीनदा तासतासभर गप्पा झाल्या. मी तरुणपणी कुठे कुठे काम केलं, इथे कधी लागलो, माझ्या जोडीला कोण होतं, सगळं आपुलकीने विचारलं. तुमचं नाव निघाल्यावर तर त्यांचा चेहरा खुलला. आता कुठे राहतात, घर स्वतःचं का, कधी बांधलं, म्हणाले मला जुन्या घरांची फार आवड आहे. मी पत्ता लिहून दिला. (उजव्या हाताने. त्यांच्यापुढे कसला आडपडदा?)

गेल्या सोमवारी बाईंनी दोन्ही दारांवरचा गिलावा फोडायला लावला. फोडायला मलाच लावला, म्हणजे बघा. उजवीकडे तुळई निघाली. डावीकडे काय निघालं ते तुम्हाला सांगायला नको. लाकडी फळी. वाळवीने खाल्लेली, हात लावला तर भुगा. बाई म्हणाल्या, “बघा! आठवडाभरात खाली आली असती. टेकू होता म्हणून वाचलो.” सरांनी यंत्राला थोपटलं. बाईंनी तिथल्या तिथे नवी तुळई मागवली आणि फळी कचऱ्यात टाकायला सांगितली. माझा जीव खाली बसतो न बसतो तोच काका म्हणाले, “कचऱ्यात नको, मला द्या.” धड उरलेला तुकडा त्यांनी लहान मूल गुंडाळावं तसा फडक्यात गुंडाळून वर नेला. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘ही बाजु वर’. तुमचं अक्षर, भाऊजी, आणि ‘बाजू’तला तो तुमचा नेहमीचा ऱ्हस्व उकार. इतक्या वर्षांनी पाहून डोळ्यांत पाणी आलं. काकांनी विचारलं, “तुमच्या जोडीदाराची जुनी पत्रं आहेत का हो? त्या काळचे कामगार कसे लिहीत ते बघायचंय.” मी चार नेऊन दिली. शुद्धलेखन सोडलं तर अक्षर सुंदर आहे म्हणाले. तुमचं कौतुक ऐकून मला बरं वाटलं.

तर नवी तुळई काल बसली. मीच बसवली, या वेळी नकाशात दाखवल्याप्रमाणे. टेकू काढला, वाचनालयाच्या बाई पुन्हा आपल्या जागी बसल्या आणि मला म्हणाल्या, “मिस्त्री, तुमच्यामुळे माझं डोकं शाबूत राहिलं.” मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. अभियांत्रिकीच्या बाईंचं काम संपलं, त्या आता गच्चीच्या मागे लागल्या आहेत. सर भिंतीच्या श्वासावर काहीतरी छापणार आहेत, त्यात लोखंडाचा उल्लेखही नाही. काकांचं मात्र अजून चालू आहे. पण म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच.

ताईला नमस्कार आणि भाच्याला आशीर्वाद. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका.

आपला मेहुणा,
मिस्त्री

ता. क. – मुख्य लिहायचं राहिलंच. तुमच्या पुढच्या दारावर जी लोखंडी तुळई आहे तिच्या बाहेरच्या अंगाला कारखान्याचा क्रमांक ठोकलेला आहे. इथल्या उजव्या दारावरच्या तुळईवर जो क्रमांक निघाला त्याच्या अगदी पुढचा. तो आजच्या आज गिलाव्याने बुजवा. नुसता रंग नको, क्रमांक रंगातून दिसतो. तेव्हा ताईला सातवा महिना होता, दारावरचं लाकूड रोज वीतभर खाली येत होतं, आणि आपल्याला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याला चोरी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, निदान उत्तरात तरी लिहू नका.

ता. क. दुसरा – ताईला काही कळू देऊ नका. मी पहिल्या पगारातून बहिणीच्या दाराला तुळई घेऊन दिली, हे ती एकतीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे. तिचं ऐकून ऐकून मलाही अधूनमधून ते खरं वाटतं.

ता. क. तिसरा – टपालावर माझा भरवसा नाही, मधल्या मध्ये कोण फोडेल सांगता येत नाही. इतिहासवाले काका उद्या तुमच्याच गावाकडे निघाले आहेत, कुणाचं तरी जुनं घर बघायला. आपणहून म्हणाले, द्या, मी नेऊन देतो. तेव्हा हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. गाडी दुपारची आहे, घर सापडायला वेळ लागला तर दाराबाहेर उभे राहतील. त्यांना आत बोलवा, चहा पाजा. फार भला माणूस आहे.