शंभर टक्के निकालाची शाळा

बाई, आपल्या त्या छोट्या सरकारी शाळेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांना लोकांनी एकच प्रश्न विचारला: तिथून कोणी पास होतं का? तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी या तक्रारीत मी तुम्हाला धरते, कारण हा प्रश्न सगळ्यांत जास्त तुम्ही ऐकला. आता तो कोणी विचारणार नाही. फाटकावर मोठा फलक लागला आहे, दहावीचा निकाल शंभर टक्के. त्याच्या सत्काराला परवा मला जुनी विद्यार्थिनी म्हणून भाषणासाठी बोलावलं होतं. तिथून आल्यापासून माझं डोकं तापलेलंच आहे.

फाटकाशीच एका मुलीच्या आईनं मला अडवलं. ती गांधीबागेच्या कापडबाजारात, साडीच्या दुकानात घड्या घालायचं काम करते. सासऱ्याच्या वेळी घरात हातमाग होता, आता त्या जागी पोरांची गादी असते, म्हणाली. नववीची परीक्षा दिलेली मुलगी शेजारी उभी. "ताई, तुम्ही याच शाळेतल्या न? मग हेडसरायले माझ्याकडून थँक्यू म्हणून द्या. मले त्यायच्यासमोर बोलता येत नाही." मी विचारलं, काहून? "पोरगी गणितात गेली होती. सर म्हणे पास करून देतो, फक्त दाखला काढून घ्या अन् सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून द्या. घरी बसूनबी होते म्हणे. मलेबी दुकानात हाताखाली होईन. चांगले लोक आहेत." मुलगी जमिनीकडे पाहत म्हणाली, "मले नाही बसायचं घरी." "चूप वं. सरायनं किती केलं तुझ्यासाठी."

बाई, तो फॉर्म तुमच्या वेळीही होता. लग्न झालेल्या, कामाला लागलेल्या, शाळा सुटलेल्या माणसांनी बाहेरून परीक्षा द्यावी म्हणून. चांगली सोय होती. आता तिचा उपयोग असा, की नववीतली कच्ची पोरं हेरायची, पास करतो म्हणून त्यांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि दहावीच्या आधीच त्यांना बाहेर काढायचं. बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. उरलेली पास होतात आणि फलक लागतो. हा शिकवण्याचा निकाल नाही, हाकलण्याचा आहे. आणि ज्यांना हाकललं ते आभार मानायला फाटकाशी उभे राहतात, याची चीड कुठे ठेवू?

मी तशीच हेडसरांच्या खोलीत गेले. माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. थकलेला आहे. "मॅडम, आमच्याकडे कोणती पोरं येतात ते तुम्ही पाहूनच राहिल्या," ते म्हणाले. "ज्यायले परवडते ते इंग्रजी शाळेत गेले. राहिले कोण? हमालायची, विणकरायची, वस्तीतली, छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्यायची. निकाल पडला की पट पडतो, पट पडला की शाळा बंद. चार पोरं गेली तर बाकीच्यायची शाळा वाचते." मी विचारलं, ती चार कोणाची असतात? त्यांनी कप पुढे सरकवला. "चहा घ्या, कार्यक्रमाले उशीर होऊन राहिला." उत्तर मला माहीत होतं. ज्यांच्या घरून भांडायला कोणी येत नाही, त्यांची.

कोणती पोरं येतात ते पाहा, हे वाक्य मी तुमच्याही तोंडून ऐकलं आहे. अजून दिसतं: मी नववीत आहे, वर्गात तपासणीचे साहेब उभे आहेत, निकाल इतका कमी कसा म्हणून विचारताहेत. तुम्ही खडू खाली ठेवत नाही. "कोणती पोरं येतात ते पाहा, साहेब. हा सकाळी हॉटेलात कपबशा धुऊन येते. हिच्या घरी पुस्तक ठेवाले कोरडी जागा नाही. यायले शिकवाले वेळ जास्त लागते. तो द्या, अजून एक मास्तर द्या. पोरं कमी करून निकाल वाढवायचा असन, तर उद्यापासून मी एकटीच बसते वर्गात. शंभर टक्के लागीन." आम्ही हसलो, साहेब हसले नाहीत. तुम्ही पुढे कधी मुख्याध्यापिका झाला नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र व्हरांड्यात कच्च्या पोरांना घेऊन बसत राहिलात. त्यात मी होते. "तोंडानं पास होता आलं असतं तर तू पहिली आली असती वं," म्हणायचात. कोणती पोरं येतात, हे तेच वाक्य, बाई. तुम्ही त्यातून जास्त कामाची मागणी काढलीत, हेडसरांनी सुटका काढली.

मंचावर मी हे सगळं बोलले. टाळ्या पडल्या. हेडसरांनीही वाजवल्या. भाषण आवडलं आणि दाखले ठरल्याप्रमाणे निघणार. म्हणून खाली उतरून मी त्या आईला शोधलं आणि सरळ सांगितलं. तिनं मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पोरीले काढून राहिले?" होय म्हटलं. "सोमवारी दाखल्याच्या अर्जावर सही द्याले बोलावलं हाय. नाही दिली तर नववीत नापास करतीन." करू द्या, मी म्हटलं. नववीत पुन्हा बसेल, पण शाळेत बसेल. मुलगी पहिल्यांदा वर पाहून म्हणाली, "चालते मले."

हे पत्र कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही. तुमच्यापुढे एक कबूल करते. त्या आईला मी ज्या ठाम आवाजात सांगितलं, तेवढी खात्री मला नाही. वर्ष गेलं आणि मुलगी पुन्हा अडकली, तर ती माझ्याच दारात येईल, आणि तेव्हा काय बोलायचं ते मला ठाऊक नाही. तरी रोज संध्याकाळी वस्तीत घरोघर जाते आहे. सोमवारी शाळेत बोलावलेल्या प्रत्येक आईबापाला एवढंच सांगते: दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.